शनिवारच्या दोघी

सूनबाईनं ट्रे तिसऱ्यांदा मोजला. चोवीस. मघाशीही चोवीस होती, त्याच्या आधीही चोवीसच होती, आणि अंडी काही मोजल्यानं वाढत नाहीत हे तिलाही कळत होतं. पण हात गप्प राहतील तर शपथ. तीस खळग्यांचा ट्रे, त्यातले सहा खळगे आ वासून बसलेले, आणि ही त्यांच्याकडे अशी डोळे वटारून बघतेय की जणू त्यांनीच अंडी गिळलीत.

ती उठली आणि परत खुराड्यात शिरली. भिंतीला लावलेल्या सगळ्या पेट्यांत एकेक करून हात घातला, भुसा चाळला, कोपरे चाचपले. एका पेटीत तांबडी कोंबडी बसली होती, तिच्या पोटाखालीही हात सरकवला. तिनं कचकन चोच मारली.

"मार बाई, मार," सूनबाई म्हणाली, "घरात दुसऱ्या कुणाला जोर दाखवता येत नाही, मग आहेच मी."

आता हिला सगळी गल्लीच सूनबाई म्हणायची. लग्न होऊन आली त्या दिवशी सासऱ्यांनी या नावानं हाक मारली, ती शेजारणींनी उचलली, दूधवाल्यानं उचलली, आणि अकरा वर्षांनी परिस्थिती अशी की नवरासुद्धा चिडला की 'अहो सूनबाई' म्हणायचा. तिचं तिला बरं वाटायचं. खरं नाव आयतं मिळालेलं, हे मात्र तिनं स्वतः कमावलं होतं, आणि तेही बहुतेक या खुराड्यातच.

घरामागच्या आवारात जाळी मारलेलं हे खुराडं बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं. उभा जन्म त्यांनी कोंबड्यांत काढला. ही आली तेव्हा कोंबडीच्या जवळ जायलाही घाबरायची; पहिल्या आठवड्यात एक कोंबडी अंगावर फडफडली तर ही थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली होती. ते ऐकवून बाबा अजून पाहुण्यांना हसवायचे. पण पुढं तिला त्याचीच गोडी लागली. सकाळी खाद्य, दुपारी पाणी, संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा, आठवड्याला भुसा बदलणं, सगळं तिच्याकडे आलं. एकच काम बाबांनी कुणाला दिलं नव्हतं, आणि ते म्हणजे शनिवारची परीक्षा.

ती काय भानगड, ते सांगितलं पाहिजे. कोंबडी अंडी द्यायची थांबली तरी खायची काही थांबत नाही. तेव्हा कोणती अंड्यावर आहे आणि कोणती नुसती खातेय, हे वेळच्या वेळी ओळखावं लागतं. दर शनिवारी सकाळी बाबा पालथ्या क्रेटवर बसत. सूनबाई एकेक कोंबडी धरून आणून त्यांच्या मांडीवर देई. बाबा तिचं डोकं काखेत घेत आणि शेपटीखाली बोटं लावत. तिथं दोन बारीक हाडं असतात. कोंबडी अंड्यावर असली की त्या हाडांमध्ये तीन बोटं सहज मावतात. थांबली असली तर जेमतेम एक. बाबा डोळे मिटून घेत, क्षणभर थांबत आणि निकाल देत. "चालू." नाहीतर "बंद." चालू ती खाली सोडायची, बंद ती दारात उभ्या असलेल्या खाटकाच्या पिंजऱ्यात. एखाद्या शनिवारी तीन जात, एखाद्या शनिवारी एकही नाही आणि खाटीक चहा पिऊन हात हलवत परत जाई. बाबांचा निकाल कधी चुकला असं कुणी ऐकलं नव्हतं.

"कोंबडीचा तुरा बघायचा ना बाबा? लालभडक असला की अंड्यावर?" तिनं एकदा विचारलं होतं.

"तुरा थापा मारतो," बाबा म्हणाले होते. "ऊन लागलं तरी लाल होतो. हाड कधी थाप मारत नाही."

"मग मला शिकवा की बोटं लावायला."

"तुझी बोटं भेंडीसारखी. तुला प्रत्येकीत चार मावतील, एकही कोंबडी जायची नाही या घरातून."

यावर सगळे हसले होते आणि विषय तिथंच संपला होता.

तर असं हे सगळं सुरळीत चाललेलं, आणि गेल्या अडीच महिन्यांत कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. साठ कोंबड्या होत्या तेव्हा रोज दीड ट्रे भरायचा. मग एक ट्रे आणि वर थोडी. मग ट्रे. आता ट्रेसुद्धा भरेना. बंद कोंबड्या तर दर शनिवारी जातायत, मग राहिलेल्यांनी भराभर अंडी घालायला नकोत? सूनबाईच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागला तो थांबेचना. तिनं खाद्य बदललं, पाण्याची भांडी घासून काढली, मांजर शिरतं म्हणून जाळीची भोकं तारेनं शिवली, अंडी उबवायला कुणी खुडूक बसलीय का ते बघितलं, एकदा तर दोन तास पाटीआड बसून राहिली की चोर सापडतो का. सापडली फक्त पाठीत उसण.

आणि मानेवर तलवार होती ती नवऱ्याची. त्याचा धंदा विजेच्या मोटारींचा. जळलेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून द्यायची. दुकान दोन गल्ल्या पलीकडे, भाड्याचं. ते घरी आणायचं, मागच्या आवारात पत्र्याची शेड टाकायची, हे त्याच्या मनात वर्षभर होतं. अंडी उतरायला लागली तसं त्याला तोंड फुटलं.

"एक तारखेपर्यंत बघतो," तो जेवताना म्हणाला होता. "रोजचा एक ट्रे भरला तर काही बोलणार नाही. नाही भरला तर सगळ्या कोंबड्या एकदम देऊन टाकायच्या. रिकाम्या कोंबड्यांना दाणा घालायला काय धर्मशाळा आहे ही?"

सूनबाईनं बाबांकडे बघितलं. ते आता उसळणार, ताट सरकवणार, असं तिला वाटलं. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.  आणि आज पंचवीस तारीख, ट्रेमध्ये चोवीस. हे खुराडं गेलं तर आपण दिवसभर करायचं काय, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला, आणि उत्तराची वाट न बघता उठून अंगण झाडायला घेतलं. सकाळपासून ते दुसऱ्यांदा झाडून होत होतं.

बुधवारी ती शिंपले आणायला बाजारात गेली. येताना वाट वाकडी करून खाटकाच्या दुकानावरून आली. खाटीक म्हणजे मोठा बोलका माणूस. गिऱ्हाईक असो नसो, त्याची टकळी चालू. पण सूनबाईला बघितलं आणि तो एकदम सुरी धुवायलाच लागला. धुतलेली सुरी पुन्हा धुतली.

"काय हो दादा, ओळख विसरलात?"

"छे छे, वहिनी. काम आहे जरा."

"कसलं काम? एक माणूस नाही दुकानात."

खाटकानं सुरी ठेवली. रस्त्यावर इकडेतिकडे बघितलं. मग गल्ल्यामागून बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, एक सांगू? माझं नाव मध्ये आणू नका. बाबा मला कोंबडीसारखा सोलतील."

"सांगा तरी."

"तुमच्याकडून येतात ना शनिवारच्या दोघी. त्यांच्या पोटात अंडी निघतायत."

सूनबाईच्या हातातली पिशवी खाली गेली.

"एखादी असती तर म्हटलं असतं, होतं कधी कधी. पण गेले आठ-नऊ शनिवार, वहिनी! जवळजवळ प्रत्येकीच्या. तयार अंडं, कवचासकट. उद्या-परवाची मागं रांगेत. चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या मी कापतोय. रात्री झोप लागत नाही हो मला."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"कुणाला सांगू? बाबांना? हा धंदा सुरू केला तेव्हा कोंबडी कशी धरायची हेसुद्धा त्यांनी शिकवलंय मला. त्यांना जाऊन म्हणू, तुम्हाला कळत नाही?"

घरी येईपर्यंत सूनबाईला रस्ता कसा संपला ते कळलं नाही. डोक्यात नुसती चक्की. चालूला बंद म्हणतायत! बाबा! ज्यांच्या बोटांवर गल्लीनं शपथ घ्यावी ते! आणि नेमक्या दोघी, दर शनिवारी, मोजून दोघी. पूर्वी कधी तीन, कधी एक, कधी शून्य. हल्ली दोनच, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? मग तिच्या मनात एक असा विचार आला की तिची तिलाच लाज वाटली, तरी तो जाईना. बाबा मुद्दाम तर करत नाहीत? लेकाला शेड हवीय. उघड 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून खुराडं असं आतून पोखरून ठेवायचं, म्हणजे एक तारखेला सगळे म्हणतील, कोंबड्याच रिकाम्या, कुणाचा काय दोष? त्या रात्री जेवताना ते गप्प का बसले होते?

तिनं चहा टाकला आणि तो उतू घालवला. पुन्हा टाकला. बाबांना नेऊन दिला तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"काय गं, बरं नाही का?" बाबांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली, आणि इतक्या तुटक बोलण्याबद्दल आत जाऊन स्वतःवरच चरफडली.

गुरुवारी दुपारी बाबा आडवे झाले, घोरायला लागले, तशी ती खुराड्यात गेली आणि आतून कडी घातली. आपल्याच घरात चोरासारखं! पहिली कोंबडी पकडली ती काळ्या मानेची. पकडली कसली, तिनंच पकडू दिलं. सूनबाईनं नुसता हात पुढं केला तर ती पंख जरा फाकवून जागच्या जागी खाली बसली. ही तिची लाडकी. रोज अकराच्या सुमारास पेटीत जाई आणि अंडं घालून सगळं आवार डोक्यावर घेई. सूनबाईनं तिला मांडीवर घेतलं, डोकं काखेत धरलं, बोटं लावली. एक, दोन, तीन. चौथंही जाईल की काय असं वाटलं. पण आपली बोटं बारीक, त्याचं काय खरं? म्हणून तिनं दुसरी धरायला घेतली, पिवळट तुऱ्याची. ती काही हाताला लागेना. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पाण्याचं भांडं पालथं, धुळीचा धुरळा. शेवटी झाकणाच्या पाटीखाली कोंडून पकडली. बोटं लावली. एक. दुसरं शिरेचना.

तिनं आणखी एक धरली. मग आणखी एक. घामानं निथळली, केसांत भुसा, पण सोडलं नाही. वीस-बावीस कोंबड्या झाल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती भुशात मटकन बसली.

हात पुढं केला की खाली बसते, ती अंड्यावर असते. पळते, ती बंद. जवळजवळ सगळ्यांत हेच.

आणि शनिवारी कोंबड्या पकडून कोण देतं? मीच. आणि पहिल्यांदा कुठल्या पकडते? समोर बसतात त्या. पळणाऱ्यांच्या मागं कोण धावणार? तिला वाटायचं, या बिचाऱ्या माझ्यावर जीव लावून आहेत, हात केला की येतात. त्याच उचलून ती बाबांच्या मांडीवर ठेवत होती, आणि बाबा त्यांतल्याच दोघींना बंद म्हणून मोकळे होत होते. तिला रडू आलं. कोंबड्या भोवती कुरकुरत दाणे शोधत होत्या आणि ही मध्ये बसून मुसमुसत होती. बाबा का चुकत होते ते तिला अजूनही कळलं नव्हतं. पण या पापात आपला हात आहे, हे कळलं.

मग डोळे पुसताना तिला युक्ती सुचली. सोपी होती. परवा शनिवारी पहिल्यांदा पळणाऱ्या द्यायच्या. बाबा काय, दोघींना बंद म्हणणारच, म्हणू देत. खऱ्या बंद जातील. चांगल्या राहतील. बाबांचा शब्द राहील, खाटीक सुटेल, आणि कुणाला कशाचा पत्ताही लागणार नाही. एक तारखेचा ट्रे काही लगेच भरणार नव्हता, पण नवऱ्याला महिनाभर थोपवून धरता आलं असतं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव जरा भांड्यात पडला.

शनिवारी ती पहाटेच उठली. पळणाऱ्या चार-पाच जणी हेरून पाटीखाली कोंडून ठेवल्या. आठला खाटीक आला, पिंजरा दारात ठेवून खाली बघत उभा राहिला. बाबा क्रेटवर बसले. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, तेवढ्यात नवरा मागच्या दारातून बाहेर आला, हाताची घडी घालून खांबाला टेकला.

"दुकानात नाही गेलात?" तिनं विचारलं.

"जातो. म्हटलं, बघू तरी किती चालू आणि किती बंद. आता दिवस किती राहिलेत?"

सूनबाईनं पिवळट तुऱ्याची आणून दिली. बाबांनी डोळे मिटले, बोटं लावली.

"चालू," ते म्हणाले.

तिचा कानांवर विश्वास बसेना. दुसरी दिली. ही तर उचलताना हाताला ओरबाडून गेली होती.

"चालू."

तिसरी. "चालू." चौथी. "चालू." खाटकानं मान वर करून सूनबाईकडे बघितलं.  पाचवीलाही बाबा चालूच म्हणाले, आणि तेही जरा मोठ्यानं, लेकाला ऐकू जावं असं. तेव्हा तिला उमगलं. ते लेकाच्या बाजूनं नव्हतेच. त्याच्यासमोर एकही कोंबडी बंद म्हणायची नाही, असं ठरवून ते बसले होते.

"वा!" नवरा म्हणाला. "सगळ्याच चालू? मग बाबा, अंडी कुठं जातात? मी खातो?"

बाबांचे कान लाल झाले. "जरा थांबशील का? सगळ्या झाल्यात कुठं?"

"नाही, म्हणजे दर शनिवारी दोन निघतात. आजच बऱ्या सगळ्या गुणी निघाल्या."

"म्हटलं ना थांब!" बाबा खेकसले. "ती आण गं, ती काळ्या मानेची. ती समोर आहे ती."

"ती कशाला बाबा? दुसरी—"

"आण म्हणतोय ना."

सूनबाईनं हात पुढं केला. काळ्या मानेची पंख फाकवून बसली. तिनं तिला उचलून बाबांच्या मांडीवर दिलं. बाबांनी बोटं लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. कपाळावर घाम आला. हाताची जागा बदलली, पुन्हा लावली.

"ही बंद," ते म्हणाले. "घे रे."

खाटीक जागचा हलला नाही.

"नाही बाबा," सूनबाई म्हणाली. "ती चालू आहे."

अकरा वर्षांत तिनं त्यांचा निकाल कधी खोडला नव्हता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. हात केला की बसते ती. तुरा बघा तिचा. रोज अकराला अंडं घालते, मी उचलते ते. आणि... मी बोटं लावून बघितलीत."

"तू?"

"परवा दुपारी. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

बाबा चिडले असते तर तिला सोसलं असतं. पण एखाद्याला घरातून जा म्हटल्यावर होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. मग तो दगडासारखा घट्ट झाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ए, सुरी काढ. इथंच काप. मला बघायचंय."

"बाबा, दुकानात नेऊन बघतो ना मी," खाटीक गयावया करत म्हणाला.

"इथं."

"नका बाबा!" सूनबाई पुढं झाली. "जाऊ दे. माझंच चुकलं असेल. माझी बोटं बारीक, मला काय कळतंय? सोडा तिला."

"तू बाजूला हो."

नवराही म्हणाला, "बाबा, राहू द्या की आता, कशाला—" पण म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाटकानं कोंबडी घेतली आणि नळापलीकडे गेला. सूनबाईनं पाठ फिरवली. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले तरी पाण्याचा आवाज येत राहिला.

खाटीक परत आला तो थाळी घेऊन. थाळीत एक तयार अंडं होतं, पुऱ्या कवचाचं. आणि मागं पिवळ्या बलकांची रांग, बोराएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. उद्याचं, परवाचं, तेरवाचं.  

बाबांनी अंडं उचललं. उजव्या हातात धरलं, मग डाव्या हातात घेतलं. मूठ मिटली, उघडली.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे गरम आहे का गं?"

तिला आधी वाटलं, हे टोचून बोलतायत. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते.

तिनं अंड्याला हात लावला. "हो बाबा. चांगलं गरम आहे."

बाबांनी अंडं गालाला लावलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. "आहे," ते म्हणाले. "गालाला कळतंय."

नवऱ्याची हाताची घडी सुटली. "बाबा, काय होतंय?"

"बोटांना काही लागत नाही रे. अडीच-तीन महिने झाले. आधी टोकं गेली, मग पुढची पेरं. हाड कुठं आणि मांस कुठं, काही कळत नाही."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार होतो? तुला शेड टाकायचीय. मी म्हटलं असतं, मला आता जमत नाही, की तू म्हणाला असतास, मग कशाला ठेवायचं हे लटांबर? म्हणून म्हटलं, आपण चालू-बंद करत राहायचं. एकही बंद नाही म्हटलं तर हिला संशय यायचा. म्हणून दोन द्यायच्या. बऱ्याच तर चालू असतात, आपल्या दोन चुकल्या तर काय बिघडलं." बाबा थाळीकडे बघत होते. "हे खुराडं राहावं म्हणून करत होतो रे. आणि मीच रिकामं केलं."

 आपण यांच्यावर काय काय संशय घेतला, त्या आठवणीनं सूनबाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती क्रेटशेजारी खाली बसली, अगदी भुशात, आणि म्हणाली, "तुम्ही एकट्यानं नाही बाबा. बसणाऱ्या कोंबड्या मीच उचलून देत होते तुम्हाला. त्या चालू असतात हे मला ठाऊकच नव्हतं."

बाबांनी चमकून तिच्याकडे बघितलं. "बसते ती चालू? खरंच गं." ते स्वतःशीच पुटपुटले. "माझ्या बोटांचा एवढा तोरा की हे कधी बघितलंच नाही मी."

 नवरा म्हणाला, "शेडचं सोडा आता. ते डोक्यातून काढून टाका दोघांनीही. सोमवारी आधी डॉक्टरकडे जाऊ."

"कोंबड्या राहतील?" बाबांनी विचारलं.

"राहतील म्हटलं ना. हातांचं विचारा की काहीतरी!"

"हातांचं डॉक्टर बघेल," बाबा म्हणाले आणि क्रेटवरून उठले. उठताना त्यांनी सूनबाईच्या खांद्याचा आधार घेतला. "बस इथं."

"मी?"

"मग काय याला बसवू? त्या पाच जणी पुन्हा बघ. मी आपला लेकाला ऐकवायला चालू म्हणत होतो."

"बाबा, मला नीट येत नाही. तिसरं बोट जातंय की नाही ते कधी कधी कळत नाही. माझी चूक झाली तर?"

"तर होऊ दे. मी तीन महिने चुकलो. तू दोन-चार दिवस चूक."

सूनबाई क्रेटवर बसली. बाबा वाकून कोंबडीच्या मागं निघाले. पिवळट तुऱ्याची त्यांना हुलकावणी देऊन पळाली, नवरा तिला आडवा गेला, खाटीक 'इकडून, इकडून' म्हणून ओरडला. शेवटी तिघांनी मिळून तिला कोपऱ्यात गाठली आणि आणून सूनबाईच्या मांडीवर ठेवली. कोंबडी अजून धडधडत होती. सूनबाईनं तिचं डोकं काखेत घेतलं, डोळे मिटले आणि बोटं लावली. एक गेलं. दुसरं अडलं.

"बंद," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की बाबांना पुन्हा विचारावं लागलं.